हाय-गेन ट्यूब अ‍ॅम्पच्या दोन आवृत्त्यांची तुलना कशी करावी

हाय-गेन ट्यूब अ‍ॅम्पची (गिटारचा सिग्नल व्हॅक्यूम ट्यूबमधून खूप वाढवून त्याला डिस्टॉर्शन देणाऱ्या यंत्राची) जुनी आवृत्ती चांगली की नवी, यावर गिटारवादकांमध्ये जे वाद रंगतात, त्यांतले निम्मे वाद मुळात अ‍ॅम्पविषयीचे नसतातच. एका हेडमध्ये (स्पीकर नसलेल्या, वेगळ्या पेटीतल्या यंत्रात) कित्येक वर्षे वाजून थकलेल्या पॉवर ट्यूब, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या ट्यूब, असतात, तर दुसऱ्यात परवाच बसवलेल्या. एक हेड दुसऱ्यापेक्षा किंचित मोठ्याने वाजत असते. मधल्या वेळेत मायक्रोफोनला कोणाचा तरी धक्का लागून तो बोटभर सरकलेला असतो. आणि एवढे सगळे होऊन निकाल मात्र ठरलेला असतो, तो म्हणजे जुन्याची सर नव्याला नाही.

हाच निकाल मीही एकदा मोठ्या आत्मविश्वासाने दिला होता. मित्राचे जुने हेड आणि माझे त्याच मॉडेलचे बऱ्याच नंतरचे हेड एकाच कॅबिनेटवर, म्हणजे स्पीकरच्या पेटीवर, आलटून पालटून वाजवत आम्ही एक अख्खी दुपार घालवली. त्याचे हेड भरीव आणि गोल वाजत होते, माझे करकरीत आणि काहीसे उथळ. संध्याकाळी निघण्यापूर्वी, केवळ उत्सुकता म्हणून, आम्ही दोन्ही हेड बंद करून थंड होऊ दिली आणि चारही पॉवर ट्यूबची अदलाबदल केली. त्यानंतर पहिलाच पॉवर कॉर्ड वाजवला तेव्हा गोलपणा माझ्या हेडमध्ये येऊन बसला होता आणि करकर त्याच्याकडे गेली होती. दुपारभर आम्ही आवृत्त्यांची नव्हे, तर ट्यूबच्या दोन संचांची तुलना करत होतो.

म्हणून या लेखात सांगितलेली पद्धत एका साध्या क्रमावर उभी आहे. आवृत्ती सोडून बाकी जे जे वेगळे असू शकते ते आधी सारखे करून घ्यावे, आणि मग 'कोणता अ‍ॅम्प चांगला' असे न विचारता 'एका आवृत्तीतून जे निघते ते दुसरीतून काढता येते की नाही' असे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळते, पहिल्याला फक्त मत मिळते.

नाव आणि सर्किट

तुलना करण्यापूर्वी हे दोन अ‍ॅम्प आतून खरोखर वेगळे आहेत का, ते पाहावे. नाव बदलले म्हणून सर्किट बदललेच असे नाही आणि नाव तेच राहिले म्हणून सर्किटही तेच राहिले असेही नाही. पहिल्या प्रकाराचे सर्वांत ठळक उदाहरण पीव्ही कंपनीच्या ५१५० चे आहे. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांच्या नावाशी जोडलेला हा १२० वॉटचा अ‍ॅम्प १९९२ मध्ये आला. २००४ मध्ये व्हॅन हेलन आणि पीव्ही यांचे मार्ग वेगळे झाले, ५१५० हे नाव व्हॅन हेलन यांच्याबरोबर गेले आणि तोच अ‍ॅम्प ६५०५ या नावाने विकला जाऊ लागला. हा नवा आकडा १९६५ ते २००५ या कंपनीच्या चाळीस वर्षांवरून घेतलेला आहे. त्याचप्रमाणे ५१५० टू या आवृत्तीचे ६५०५ प्लस झाले. म्हणजे ५१५० आणि ६५०५ समोरासमोर ठेवणे हे बहुतांशी दोन पाट्या समोरासमोर ठेवण्यासारखे आहे, तर ५१५० आणि ५१५० टू ही तुलना मात्र खरी आहे, कारण पहिल्यात दोन्ही चॅनेलना मिळून बेस, मिड आणि हायचे एकच नॉब आहेत, तर दुसऱ्यात प्रत्येक चॅनेलला स्वतःचे आहेत, आणि शिवाय दुसऱ्यात सिग्नलला सुरुवातीला वाढवणाऱ्या प्रीअ‍ॅम्पची एक ट्यूब वाढवलेली आहे. २००७ मध्ये ईव्हीएच या नावाखाली फेंडरबरोबर आलेला तीन चॅनेलचा ५१५० थ्री हा तर या वंशातला असूनही स्वतंत्र अ‍ॅम्प म्हणूनच ऐकायला हवा. त्याच्या पन्नास वॉटच्या हेडमध्ये पहिल्या दोन चॅनेलना टोनचे नॉब सामायिक आहेत, शंभर वॉटच्या हेडमध्ये ते प्रत्येकाला वेगळे आहेत. त्यामुळे 'थ्री ऐकला' एवढे सांगून भागत नाही, कोणता थ्री हेही सांगावे लागते.

दुसऱ्या प्रकारची, म्हणजे एकाच नावाखाली वेगवेगळी सर्किटे दडल्याची उदाहरणे मार्शलमध्ये सापडतात. जेसीएम८०० या नावाखाली येणारा एका चॅनेलचा २२०३ हा आपले डिस्टॉर्शन ट्यूबमधून घडवतो, पण त्याच नावाखालच्या दोन चॅनेलच्या २२०५ मध्ये डायोडने सिग्नल छाटण्याची योजना आहे. जेसीएम९०० मध्येही ड्युअल रिव्हर्बच्या डिस्टॉर्शनमध्ये डायोडचा हात आहे, आणि एसएल-एक्समध्ये त्याऐवजी जास्तीची ट्यूब आहे. 'नाइनहंड्रेड मला आवडत नाही' असे म्हणणाऱ्याला कोणता नाइनहंड्रेड हे विचारले, तर बऱ्याचदा उत्तर मिळत नाही. मेसा बूगीच्या मार्क टू-सी प्लसची गोष्ट तर आणखी गमतीची आहे: साध्या टू-सीपासून तो वेगळा ओळखण्याची खूण म्हणजे मागच्या बाजूला, पॉवर केबल जिथून आत जाते तिथे, मार्करने हाताने काढलेले अधिकचे चिन्ह. हाताने काढलेली खूण कोणीही काढू शकतो, हे ध्यानात ठेवून अशा वेळी आतला बोर्ड पाहण्याचाच आग्रह धरावा.

सर्किट आराखडा मिळवून दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या, तर नजर कुठे लावायची हे ठाऊक असावे. जॅक बदलला, बोर्डाचा रंग बदलला, दिवा लाल ऐवजी निळा झाला, यांकडे दुर्लक्ष करावे. गेनच्या टप्प्यांची संख्या, दोन टप्प्यांमधल्या कपॅसिटरची मूल्ये, टोन नियंत्रणाची जागा, पॉवर अ‍ॅम्पमधल्या निगेटिव्ह फीडबॅकचा (आउटपुटचा काही भाग उलटा परत देण्याचा) रेझिस्टर आणि मुद्दाम थंड ठेवलेल्या, म्हणजे कमी प्रवाहावर चालवलेल्या, टप्प्याचा कॅथोड रेझिस्टर, या ठिकाणी फरक दिसला तर तो कानालाही जाणवण्याची शक्यता खरी असते. शेवटच्या मुद्द्याचे उदाहरण देतो. मार्शल २२०३ मध्ये गेनच्या एका टप्प्याचा कॅथोड रेझिस्टर १० किलोओहमचा आहे, तर माइक सोल्डानो यांच्या १९८७ च्या एसएलओ-१०० मध्ये अशाच टप्प्यावर तो ३९ किलोओहमचा आहे. रेझिस्टर जितका मोठा, तितकी ती ट्यूब बंद पडण्याच्या सीमेजवळ काम करते आणि लहरीची एक बाजू दुसरीपेक्षा फार लवकर छाटली जाते. हाय-गेनचा जो दाट, आवळलेला आणि कडेला धारदार आवाज आपण ओळखतो, त्यात या एका क्षुल्लक दिसणाऱ्या भागाचा वाटा मोठा आहे.

आराखडा सारखाच निघाला आणि तरीही एखाद्या जुन्या तुकडीची ख्याती असेल, तर त्या ख्यातीचे कारण शोधावे. सुरुवातीच्या ५१५० हेडवर नाव ठळक सरळ अक्षरांत आहे आणि नंतरच्यांवर स्वाक्षरीच्या वळणाचे आहे; सरळ अक्षरांची हेड जास्त चांगली वाजतात असा समज पक्का आहे. या समजाच्या मुळाशी जे कारण सांगितले जाते, ते म्हणजे त्या सुरुवातीच्या हेडमध्ये सिल्व्हेनियाच्या ६एल६जीसी ट्यूब बसवलेल्या असत. ते कारण मान्य केले, तर आज तीस वर्षांनंतर त्यांतल्या बहुतेक हेडमध्ये त्या ट्यूब उरलेल्याच नाहीत हेही मान्य करावे लागते. मग किंमत अक्षरांना का द्यावी, याचे उत्तर ज्याने त्याने स्वतःच्या खिशाला विचारावे.

दोन्ही हेड एका पातळीवर आणणे

सर्वांत आधी ट्यूब. शक्य असेल तर दोन्ही हेडसाठी एकाच निर्मात्याच्या, एकाच वेळी घेतलेल्या आणि जुळवलेल्या पॉवर ट्यूब घ्याव्यात. ते शक्य नसेल तर एकच संच दोन्ही हेडमध्ये आळीपाळीने बसवून रेकॉर्ड करावे. वेळ जास्त जातो, पण शंका उरत नाही. प्रीअ‍ॅम्पच्या १२एएक्स७ ट्यूबच्या बाबतीत पहिल्या जागेवरची ट्यूब सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तिचा प्रत्येक गुणदोष पुढचे सगळे टप्पे वाढवत नेतात. तिथे १२एएक्स७ च्या ऐवजी ५७५१ बसवलेली असेल, तर तिचा अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर १०० च्या जागी ७० असतो आणि तेवढ्यावरच एखादी आवृत्ती 'सौम्य' ठरून मोकळी होते.

त्यानंतर बायस. पॉवर ट्यूब स्वस्थ असताना तिच्यातून किती प्रवाह वाहतो हे बायस ठरवतो. क्लास एबी अ‍ॅम्पमध्ये ट्यूबच्या कमाल क्षमतेच्या साधारण ६० ते ७० टक्क्यांच्या आत तो ठेवण्याचा प्रघात आहे. ६एल६जीसी ची क्षमता ३० वॉट धरली, तर ७० टक्के म्हणजे २१ वॉट, आणि प्लेटवर ४७० व्होल्ट असतील तर एका ट्यूबमागे सुमारे ४५ मिलीअ‍ॅम्पिअर होतात. ईएल३४ ची क्षमता २५ वॉट असल्यामुळे त्याच व्होल्टेजला हा आकडा सुमारे ३७ मिलीअ‍ॅम्पिअर येतो. मूळ ५१५० मध्ये बायस फिरवण्याची सोयच नाही आणि तो कारखान्यातूनच बराच थंड ठेवलेला असतो. अशा हेडची तुलना बायस गरम करून घेतलेल्या दुसऱ्या हेडशी केली, तर जो फरक ऐकू येईल त्याचे श्रेय आवृत्तीला देता येणार नाही. दोन्हींचा बायस मोजून आकडे कागदावर लिहून ठेवावेत, आणि शक्य असेल तिथे ते जुळवून घ्यावेत.

मात्र हे मोजमाप ज्याला ठाऊक आहे त्यानेच करावे. या हेडच्या आत ४०० ते ५०० व्होल्टचा डीसी दाब असतो आणि वीज काढून घेतल्यानंतरही फिल्टर कपॅसिटर तो धरून ठेवू शकतात. ट्यूब अ‍ॅम्प दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून हे काम करून घेण्यात कमीपणा काही नाही.

तितकाच कडक नियम लोडचा आहे. ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर किंवा योग्य क्षमतेचा लोडबॉक्स (स्पीकरऐवजी आउटपुट जिरवणारी पेटी) जोडल्याशिवाय कधीही वाजवू नये, कारण त्यामुळे आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. एका कॅबिनेटवरून दुसऱ्या हेडवर जाताना आधी पहिले हेड बंद करावे, मग स्पीकर केबल काढावी, दुसऱ्याला लावावी आणि मगच दुसरे सुरू करावे. ही केबल गिटारची नव्हे, स्पीकरचीच असावी. मागच्या बाजूचा ओहमचा स्विच दोन्हींवर कॅबिनेटला जुळणारा आहे ना, हे दरवेळी नजरेने तपासावे. आपण तपासले आहे अशी खात्री वाटत असते तेव्हाच तो चुकलेला असतो.

विजेच्या दाबाचाही विचार करावा. भिंतीतला व्होल्टेज खाली-वर झाला की प्लेटचा आणि हीटरचा व्होल्टेजही त्याच प्रमाणात हलतो. व्हॅन हेलन आपल्या मार्शलला मुद्दाम व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) कमी व्होल्टेज देत असत, हे प्रसिद्धच आहे. तेव्हा हा परिणाम काल्पनिक नाही. दोन्ही हेड एकाच बैठकीत, एकाच सॉकेटवरून आणि सुरू केल्यानंतर निदान पंधरा-वीस मिनिटे तापल्यावर ऐकावीत.

गिटारपासून मायक्रोफोनपर्यंत

हाताने दोनदा तंतोतंत सारखे वाजवता येत नाही. हाय-गेनमध्ये तर पिकच्या कोनातला बदलही लगेच ऐकू येतो, आणि ज्या अ‍ॅम्पबद्दल आपल्याला आधीच ममत्व आहे त्यावर हात नकळत अधिक जोमाने चालतो. म्हणून गिटारचा सिग्नल एकदाच, अ‍ॅम्पशिवाय, सरळ संगणकाला जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसमध्ये रेकॉर्ड करावा आणि तोच रीअ‍ॅम्प बॉक्समधून (रेकॉर्ड केलेला सिग्नल गिटारच्या पातळीवर परत आणणाऱ्या पेटीतून) दोन्ही हेडना द्यावा. रीअ‍ॅम्प बॉक्सची पातळी जुळवण्याची सोपी युक्ती अशी की त्यातून निघणारा सिग्नल अ‍ॅम्पऐवजी पुन्हा इंटरफेसच्या त्याच इनपुटमध्ये, गेनचा नॉब न हलवता घ्यावा आणि त्याची शिखरे मूळ रेकॉर्डिंगच्या शिखरांइतकी येईपर्यंत बॉक्स फिरवावा. असे केले की अ‍ॅम्पला मिळणारा सिग्नल गिटारने दिला असता जवळपास तितकाच असतो. हे टाळले तर कित्येकदा दोन्ही हेड गरजेपेक्षा जास्त सिग्नलने तुंबतात आणि त्यांच्यातला फरक त्या चिखलातच बुडतो.

कॅबिनेट एकच, त्यातला स्पीकर एकच आणि मायक्रोफोनची जागा एकच ठेवावी. शुअर एसएम ५७ सारखा मायक्रोफोन स्पीकरच्या मधल्या टोपीवरून तिच्या भोवतालच्या शंकूसारख्या पडद्याकडे दोन सेंटिमीटर सरकवला, तर जो बदल होतो तो अनेक आवृत्त्यांमधल्या बदलापेक्षा मोठा असतो. त्यामुळे स्टँडचे पाय जमिनीवर चिकटपट्टीने पक्के करावेत आणि सगळी रेकॉर्डिंग होईपर्यंत कॅबिनेटच्या खोलीत कोणी जाऊ नये. शंभर वॉटचे हेड चालू असताना तसेही त्या खोलीत कानांचे भले होत नाही.

लोडबॉक्स आणि इम्पल्स रिस्पॉन्स (कॅबिनेट व मायक्रोफोनचा परिणाम टिपून ठेवलेली फाइल) वापरून तुलना करणे सोयीचे आहे, मायक्रोफोन सरकण्याचा प्रश्नही मिटतो, पण लोडबॉक्स रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे खऱ्या स्पीकरसारखा बदलता इम्पीडन्स (विरोध) दाखवणारा, असावा. प्रेझेन्स आणि रेझोनन्स हे नॉब पॉवर अ‍ॅम्पच्या निगेटिव्ह फीडबॅकवर काम करतात आणि स्पीकरचा इम्पीडन्स मंद्र भागात आणि वरच्या भागात जसा वाढतो, तसा पॉवर अ‍ॅम्प त्याला प्रतिसाद देतो. मेसाच्या ड्युअल रेक्टिफायरमध्ये मॉडर्न मोडला हा फीडबॅक काढूनच टाकलेला असतो, म्हणून तिथे स्पीकरचा प्रभाव आणखी मोकळेपणाने उमटतो. शुद्ध रेझिस्टरच्या लोडवर हा सगळा खेळ सपाट होतो आणि पॉवर अ‍ॅम्पमधल्या फरकांपुरत्या दोन आवृत्त्या खोटेपणाने एकसारख्या वाटू लागतात.

आवाजाची पातळी

तुलनेत सर्वाधिक लोक इथे घसरतात. दोन नमुन्यांपैकी जो अर्धा-एक डेसिबल मोठा असतो, तो मोठा आहे असे जाणवत नाही. तो भरदार, जिवंत, उघडा वाटतो. शिवाय आवाज वाढला की कानाला मंद्र आणि तार भाग तुलनेने अधिक ऐकू येऊ लागतात, जे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मांडून ठेवले आहे. त्यामुळे पातळी न जुळवता केलेली तुलना ही पातळीचीच तुलना ठरते.

वॉटच्या आकड्यांवरून फसू नये. शंभर आणि पन्नास वॉटच्या हेडमध्ये कमाल पातळीचा फरक अवघा ३ डेसिबलचा आहे; आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. त्यामुळे पन्नास वॉटची आवृत्ती 'अर्ध्या आवाजाची' नसते, आणि शंभर वॉटची आवृत्ती तिच्यापेक्षा वेगळी वाटली, तर ते पॉवर अ‍ॅम्प किती ताणला गेला यामुळे आहे की प्रीअ‍ॅम्पमुळे, हे वेगळे तपासावे लागते.

रेकॉर्डिंगच्या बाबतीत प्रत्येक हेड त्याच्या सवयीच्या मास्टर पातळीवर वाजू द्यावे आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फाइलींचा सरासरी लाउडनेस एलयूएफएस या लाउडनेसच्या एककात मोजून तो ०.१ डेसिबलपर्यंत जुळवावा. हाय-गेनचा आवाज इतका दाबलेला असतो की शिखरे पाहून पातळी जुळवण्यात अर्थ नाही. खोलीत प्रत्यक्ष ऐकायचे असेल, तर ध्वनिपातळी मोजणारे यंत्र एका ठरावीक जागी ठेवून, तोच रीअ‍ॅम्प केलेला तुकडा वाजवून मास्टर जुळवावा आणि श्रोत्याची खुर्चीही न हलवता ठेवावी. हाय-गेन गिटारचा तार भाग स्पीकरच्या समोर झोतासारखा निघतो. डोके बाजूला झाले की टोन बदलतो.

तीन फेऱ्या

पहिल्या फेरीत दोन्ही हेडचे सगळे नॉब एकाच आकड्यावर ठेवून रेकॉर्ड करावे. ही फेरी सर्वांना आवडते आणि तिच्यातून कळते सर्वांत कमी. पोटेन्शिओमीटरच्या मूल्यात वीस टक्क्यांपर्यंत वर-खाली होणे नेहमीचेच आहे, त्यामुळे एकाच तुकडीतल्या दोन हेडवरसुद्धा 'पाच' म्हणजे तंतोतंत तेच असेल असे नाही. ५१५० च्या लीड चॅनेलवर तर प्री-गेनच्या शेवटच्या टप्प्यात डिस्टॉर्शनपेक्षा गोंगाटच जास्त वाढतो, तेव्हा दोन हेडवर नॉब 'आठ'वर ठेवून ऐकणे म्हणजे दोन गोंगाट ऐकणे. या फेरीतून एवढेच समजते की नॉबचा पल्ला दोन आवृत्त्यांमध्ये वेगळा आहे.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक हेड स्वतंत्रपणे, दुसऱ्याकडे न पाहता, आपल्या मते उत्तम वाजेल असे लावावे. ज्याला दोन्हींपैकी एक रोज वापरायचा आहे त्याच्या दृष्टीने ही फेरी उपयोगाची आहे.

खरी कसोटी तिसऱ्या फेरीत लागते. एका हेडचा आवडलेला आवाज रेकॉर्ड करून तो लक्ष्य म्हणून ठेवावा आणि दुसरे हेड त्याच्या शक्य तितके जवळ नेण्याचा प्रयत्न करावा. मग उलट दिशेनेही तेच करावे. ही फेरी घाईत होत नाही. आधी गेन जुळवावा, आणि तो कॉर्डवर नव्हे तर एका लांब स्वरावर, स्वर विरताना डिस्टॉर्शन केव्हा मोकळे होते ते ऐकून जुळवावा. मग मिड, कारण हाय-गेनमध्ये ओळख मिडमध्ये असते. त्यानंतर बेस आणि हाय, आणि सर्वांत शेवटी प्रेझेन्स व रेझोनन्स, कारण ते सगळ्यांच्या पाठीमागे आहेत. एक नॉब हलवला की पुन्हा पातळी जुळवायची, हे कंटाळवाणे आहे पण टाळता येत नाही. दोन्ही दिशांनी प्रयत्न करूनही जे शिल्लक राहते, तेवढाच आवृत्तीतला फरक. माझ्या अनुभवात तो राहिला तर बहुधा दोन ठिकाणी राहतो: मंद्र भागातला सैलपणा गेन वाढवताना कुठे सुरू होतो, आणि पिकचा पहिला ठोका किती स्पष्ट उमटतो. दोन चॅनेलना मिळून एकच टोन नियंत्रण असलेल्या आवृत्तीत शिल्लक राहणारा फरक आवाजाचा नसून सोयीचा असतो. एका चॅनेलपुरती ती तितकीच चांगली जुळते, पण गाण्याच्या मध्यावर चॅनेल बदलला की तडजोड उघडी पडते.

काय वाजवावे

आपली आवडती रिफ वाजवू नये, कारण ती आपण कानाने नव्हे, आठवणीने ऐकतो. खालच्या तारेवर पाम म्यूट करून (तळहाताच्या कडेने तार दाबून) सलग आघात आणि मध्ये अचानक पूर्ण शांतता, हा तुकडा सर्वांत जास्त सांगून जातो: आघातानंतर मंद्र भाग किती लवकर सावरतो आणि शांततेत किती गोंगाट उरतो, ही दोन्ही माहिती त्यातच असते. त्याच्या जोडीला पूर्ण सहा तारांचा उघडा कॉर्ड विरेपर्यंत धरावा, कारण स्वर एकमेकांत मिसळतात की वेगळे राहतात हे तिथे कळते. वरच्या फ्रेटवर एकेका स्वराची लांब ओळ वाजवावी. आणि गिटारचा व्हॉल्यूम अर्ध्यावर आणून तोच कॉर्ड पुन्हा वाजवावा. या शेवटच्या तुकड्यात जुन्या आणि नव्या आवृत्त्या सर्वांत लांब जाऊ शकतात, कारण पहिल्या टप्प्यांची रचना तिथे उघडी पडते. हे सर्व मिळून चाळीस-पन्नास सेकंद पुरेत. नॉइज गेट (शांततेत गोंगाट बंद करणारे साधन) आणि पेडल बंद ठेवावेत.

नाव झाकून ऐकणे

फाइलींना नावे न देता क्रमांक द्यावेत, आणि ते आपण न देता दुसऱ्या कोणाला तरी द्यायला सांगावे. मग एबीएक्स पद्धतीने ऐकावे: क आणि ख हे दोन नमुने माहीत असतात, तिसरा नमुना त्यांपैकी कोणता हे ओळखायचे असते. सोळा वेळा ऐकून निदान बारा वेळा बरोबर आले, तर फरक खरोखर ऐकू येतो असे मानायला हरकत नाही, कारण नुसत्या अंदाजाने सोळांपैकी बारा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहूनही कमी आहे. सोळांपैकी नऊ आले तर त्यावर चर्चा करू नये, चहा प्यावा.

एक काटेकोर जोडचाचणी म्हणजे दोन रेकॉर्डिंग नमुना-नमुना जुळवून, एकाची फेज उलटी करून, बेरीज करणे. दोन्ही सारखी असतील तितकी शांतता मिळते आणि जे उरते तो फरक असतो. पण हाय-गेनमध्ये या उरलेल्या आवाजाला घाबरू नये. त्याआधी एकाच हेडची, काहीही न हलवता, दहा मिनिटांच्या अंतराने दोन रेकॉर्डिंग करावीत आणि त्यांची अशीच वजाबाकी करावी. स्वतःशीच तुलना केली तरी ट्यूब अ‍ॅम्प पूर्ण शांत होत नाही, कारण ट्यूबचा गोंगाट, तापमान आणि विजेचा दाब कधीच अगदी तेच नसतात. दोन आवृत्त्यांमधली शिल्लक या शिलकीपेक्षा स्पष्टपणे मोठी असेल, तेव्हाच ती मोजणीत धरावी.

हाताखालचा फरक

वरच्या सगळ्या पद्धतीची एक उणीव मान्य करायला हवी. रीअ‍ॅम्प केलेला तुकडा कानाला फरक दाखवतो, हाताला नाही. अ‍ॅम्प पिकच्या फटक्याला किती दबतो आणि किती उशिरा उसळी घेतो, हे वाजवणाऱ्यालाच कळते, आणि त्याला प्रतिसाद म्हणून तो वेगळे वाजवू लागतो. ड्युअल रेक्टिफायरवर, एसी विजेचे डीसी करण्यासाठी, सिलिकॉन डायोड आणि रेक्टिफायर ट्यूब यांपैकी एक निवडण्याचा स्विच आहे. मास्टर खाली ठेवून तो कितीही वेळा हलवला तरी फार काही घडत नाही, पण पॉवर अ‍ॅम्प मोठ्याने वाजू लागला की ट्यूबच्या बाजूला आघात मऊ पडल्यासारखा बोटांना जाणवतो. रेकॉर्डिंगमध्ये मात्र तो फरक शोधावा लागतो. म्हणून शेवटी प्रत्येक हेड, पातळी जुळवून आणि शक्य झाल्यास हेडवर कापड टाकून, सलग अर्धा तास स्वतः वाजवावे आणि दुसरे ऐकण्यापूर्वी दोन ओळी लिहून काढाव्यात. 'उबदार', 'मलईदार' असले शब्द लिहू नयेत. 'खालच्या तारेवर वेगाने वाजवताना स्वर मागे राहतो', 'गेन सहाच्या वर गेला की मंद्र भाग सैल होतो' असे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासता येईल असे लिहावे.

हा कागद जपून ठेवावा, कारण तुलना ज्या ट्यूबवर, ज्या बायसवर आणि ज्या स्पीकरवर केली त्यांच्यापुरतीच ती खरी असते. मी आता प्रत्येक हेडच्या मागच्या जाळीला आतून एक लहानशी चिठ्ठी चिकटवतो: ट्यूबचा निर्माता, त्या बसवल्याची तारीख, प्रत्येक ट्यूबमागे किती मिलीअ‍ॅम्पिअर आणि प्लेटवर किती व्होल्ट. पुढच्या वेळी एखादे हेड एकाएकी 'जुन्यासारखे' वाजू लागले, तर मी आधी ती चिठ्ठी वाचतो.